जुन्या लेन्ससाठी फुल फ्रेम डिजिटल बॉडी: नाशिककर छायाचित्रकारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्मच्या काळात विकत घेतलेल्या लेन्स नाशिकमध्ये अजूनही बऱ्याच घरांच्या कपाटांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या खणांत आहेत. निकॉनच्या एफएम२ बरोबर घेतलेली ५० मिलिमीटरची निकॉर, पेंटॅक्स के१०००ची लेन्स, आखातातून कुणी आणलेल्या कॅनन एई-१ वरची एफडी लेन्स, झेनिटवरची हेलिऑस अशा लेन्स घेऊन लोक विचारतात की आता यांचे काय करायचे. त्या विचारण्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. ज्या कंपन्यांनी या लेन्स विकल्या, त्यांनी त्या पुरेपूर वापरता येतील अशा फुल फ्रेम डिजिटल बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, द्यायला हव्यात की नकोत? माझ्या मते द्यायलाच हव्यात. मात्र नेमके काय द्यावे आणि कोणती मागणी रास्त ठरणार नाही, हे नीट पाहायला हवे, म्हणून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

फुल फ्रेम म्हणजे नेमके काय? जुन्या लेन्सचा त्याच्याशी काय संबंध?

फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरची चौकट. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी धावेल असा छोटा कॅमेरा रचला आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आल्यावर हीच चौकट जगभर रूढ झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत ३५ मिलिमीटर फिल्मसाठी बनलेली जवळजवळ प्रत्येक लेन्स या चौकटीचा कर्ण, म्हणजे सुमारे ४३.३ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, प्रकाशाने भरेल अशा हिशेबाने आखलेली आहे. लेन्सवर कोरलेला फोकल लेंग्थचा (दृश्य किती रुंद किंवा जवळचे दिसेल ते ठरवणारा मिलिमीटरमधला) आकडा छायाचित्रकाराला जे दृश्य सांगतो, तेही याच चौकटीला धरून.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असलेल्या बॉडीवर ती लेन्स चालतेच की. मग फुल फ्रेमचा आग्रह कशासाठी?

चालते, पण अर्धवट. निकॉनच्या क्रॉप सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते. म्हणजे लेन्सने उभ्या केलेल्या प्रतिमेचा मधला भागच टिपला जातो आणि २८ मिलिमीटरच्या लेन्सचे दृश्य ४२ मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद होते. कॅननचा गुणक १.६ असल्याने तिथे ते आणखी थोडे आखडते.

हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. जुन्या नाशिकच्या गल्लीत उभे राहिले की त्यांचा अर्थ कळतो. रंगपंचमीला तिवंध्याची पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडली जाते, तेव्हा तिच्या काठावर मागे सरकायला जागा नसते. तीन मीटर अंतरावर २८ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर सुमारे ३.९ मीटर रुंदीचे दृश्य टिपते. रहाडीत उडी घेणारा माणूस, वर उसळलेला रंग आणि दोन्ही बाजूंच्या काठांवरचे चेहरे एकाच चौकटीत मावतात. तीच लेन्स क्रॉप बॉडीवर लावली की अडीच मीटरच उरतात आणि काठावरची माणसे चौकटीबाहेर जातात. पंचवटीतल्या वाड्यांचे अरुंद चौक, सराफ बाजारातली दुकानांची ओळ, काळाराम मंदिराचा सभामंडप, या सगळ्या ठिकाणी हीच अडचण येते.

दुसरी गोष्ट लेन्सवर कोरलेल्या डेप्थ ऑफ फील्डच्या, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या पट्टीची. हाताने फोकस करणाऱ्याचे निम्मे काम ती पट्टी करते, आणि तीही ३६ × २४ च्या चौकटीसाठीच आखलेली आहे. क्रॉप सेन्सरवर तिचा हिशेब चुकतो. नवी रुंद लेन्स घेऊन दृश्याची अडचण दूर होईल हे खरे. पण मग जुनी लेन्स पुन्हा कपाटातच जाते.

क्रॉप सेन्सर लेन्सचा मधला, सर्वांत चांगला भागच वापरतो. हा फायदा नाही का?

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. जुन्या लेन्सच्या कडा मध्यापेक्षा मऊ असतात आणि त्या कापल्या जातात, इथपर्यंत ठीक. परंतु लहान सेन्सरवरची प्रतिमा तेवढ्याच आकाराच्या छापील चित्रासाठी दीडपट अधिक मोठी करावी लागते. त्यामुळे लेन्सच्या मधल्या भागातले दोषही दीडपट मोठे होऊन दिसतात, आणि एफ/१.४ किंवा एफ/२ वर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून वापरलेली जुनी लेन्स क्रॉप बॉडीवर अनेकदा फुल फ्रेमपेक्षा जास्त धुरकट वाटते. शिवाय मऊ कडा हा प्रत्येक वेळी दोष नसतो. हेलिऑस ४४-२ सारख्या लेन्सची पार्श्वभूमी कडांकडे जाताना जी गोलसर फिरल्यासारखी दिसते, तीच पाहून लोक ती लेन्स घेतात, आणि क्रॉप बॉडी नेमका तोच भाग टाकून देते.

पक्ष्यांच्या छायाचित्रणालाही फुल फ्रेमच हवी का?

नाही. नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी टिपणाऱ्याला ३०० मिलिमीटरची जुनी लेन्स क्रॉप बॉडीवर ४५० मिलिमीटरइतके जवळचे दृश्य देते आणि तिथे तो सरळ फायदाच आहे. आपला सगळा वापर असाच असेल तर फुल फ्रेमचा खर्च करू नये.

फिल्मच्या कॅमेऱ्यातच डिजिटल भाग बसवता येणार नाही का?

कल्पना मोहक आहे आणि तिचे प्रयत्नही झाले. सिलिकॉन फिल्म नावाच्या अमेरिकी कंपनीने फिल्म रोलच्या जागी बसणारा १.३ मेगापिक्सेलचा भाग जाहीर केला होता. तो बाजारात न येताच २००१ मध्ये कंपनीचे काम थांबले. लायकाने आर८ आणि आर९ या फिल्म कॅमेऱ्यांना मागून जोडायचा १० मेगापिक्सेलचा डिजिटल भाग प्रत्यक्ष विकला, पण त्याचा सेन्सर फुल फ्रेम नव्हता आणि तो थोड्याच काळात बंद झाला. सेन्सर, त्यावरची काच, बॅटरी, प्रक्रिया करणारी चिप आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय हे सगळे फिल्मच्या जाडीएवढ्या जागेत बसवणे फार अवघड आहे. म्हणून मागणी करायचीच तर ती स्वतंत्र बॉडीची करावी.

कंपन्यांनी अशी बॉडी पूर्वी कधी दिली आहे का?

दिली आहे, आणि त्यामुळेच ही मागणी हवेतली ठरत नाही. इतिहास थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

२००२ मध्ये कॉन्टॅक्सने एन डिजिटल हा पहिला फुल फ्रेम डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा डिजिटल कॅमेरा) आणला, सहा मेगापिक्सेलचा. त्याच वर्षी कॅननचा ११ मेगापिक्सेलचा ईओएस-१डीएस आला आणि २००५ मध्ये ५डी आल्यावर फुल फ्रेम सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागली. पण कॅननने १९८७ मध्येच एफडी माउंट (लेन्स बॉडीला जोडण्याची पद्धत) सोडून ईएफ धरले होते. एफडीचे लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४२ मिलिमीटर आणि ईएफचे ४४, त्यामुळे या सुंदर फुल फ्रेम बॉडींवर कॅननच्याच एफडी लेन्स मध्ये जास्तीची काच घातल्याशिवाय दूरवर फोकस होत नव्हत्या. ज्यांच्या पदरी एफडीचा संच होता, त्यांना स्वतःच्याच कंपनीने दाराबाहेर ठेवले.

निकॉनने १९५९ चे एफ माउंट सोडले नाही, ही तिची मोठी गोष्ट. तरीही १९९९ च्या डी१ पासून २००७ च्या डी३ पर्यंत निकॉनच्या डिजिटल बॉडी क्रॉप सेन्सरच्याच होत्या. मधल्या काळात एफ माउंटची फुल फ्रेम बॉडी हवी असणाऱ्यांना कोडॅकच्या डीसीएस प्रो १४एन कडे पाहावे लागले. पुढे २०१३ मध्ये निकॉनने डीएफ काढला. त्याच्या माउंटवरचे छोटे टोक वर उचलता येते, त्यामुळे १९७७ च्या आधीच्या, म्हणजे एआय पद्धत (रिंगवरचे अ‍ॅपर्चर बॉडीला कळवण्याची सोय) येण्यापूर्वीच्या लेन्सही सुरक्षितपणे बसतात. मेनूत लेन्सची माहिती भरली की प्रकाश मोजणारा मीटर चालतो. ५४ वर्षांपूर्वीची लेन्स त्या दिवशीच्या नव्या बॉडीवर, तीही फुल फ्रेम! डीएफमध्ये व्हिडिओ नव्हता आणि मेगापिक्सेल अवघे १६ होते, पण जुन्या लेन्सच्या मालकांना कंपनीने त्या एका बॉडीत जितका मान दिला तितका आधी किंवा नंतर क्वचितच कोणी दिला असेल. त्याची दुसरी आवृत्ती आली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

पेंटॅक्सची कथा उलटी. २००० मध्ये त्यांनी सहा मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा नमुना दाखवला, २००१ मध्ये तो रद्द केला आणि १९७५ च्या के माउंटला फुल फ्रेम डिजिटल बॉडी मिळाली ती थेट २०१६ मध्ये, के-१ च्या रूपाने. के-१ मध्ये सेन्सर हलवून थरथर कमी करण्याची सोय आहे, आणि फोकल लेंग्थचा आकडा भरला की ती १९७५ च्या लेन्सलाही मिळते. एम४२ च्या आट्याच्या लेन्सचे आणि के माउंटचे अंतर एकच, ४५.४६ मिलिमीटर, असल्याने पातळ रिंग घालून त्याही बसतात. इतके सगळे करून अ‍ॅपर्चर रिंगची स्थिती वाचणारा यांत्रिक दुवा मात्र पेंटॅक्सने दिला नाही. अगदी जुन्या लेन्ससाठी दर वेळी हिरवे बटण दाबून मीटर घ्यावा लागतो. त्या दुव्याने खर्चात फारशी भर पडली नसती असे मला वाटते.

लायकाने २००६ च्या एम८ मध्ये थोडा लहान सेन्सर घातला आणि २००९ च्या एम९ मध्ये पूर्ण. सोनीने मिनोल्टाच्या १९८५ च्या ऑटोफोकस माउंटसाठी २००८ मध्ये अल्फा ९०० दिला. ऑलिंपसने ओएम लेन्ससाठी फुल फ्रेम बॉडी कधीच काढली नाही. २००३ पासून त्यांनी फोर थर्ड्सचा लहान सेन्सर निवडला आणि ओएमवाल्यांना दुसऱ्यांच्या बॉडींचा आसरा घ्यावा लागला.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे आल्यावर हा प्रश्न आपोआप सुटला नाही का?

निम्मा सुटला. आरसा गेल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर खूप घटले. सोनी ई १८ मिलिमीटर, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. बहुतेक जुन्या एसएलआर लेन्सना ४२ ते ४७ मिलिमीटर लागतात, मग उरलेली जागा नुसत्या पोकळ नळीने भरता येते. एफडी लेन्स आरएफ बॉडीवर लावायला २२ मिलिमीटरची नळी पुरते, काच लागत नाही. २०१३ मध्ये सोनीचा अल्फा ७ आल्यावर जगभरची कपाटे उघडली ती यामुळेच. ओएम, मिनोल्टा एमडी, एफडी या पोरक्या लेन्सना सहजपणे त्यांची पूर्ण चौकट परत मिळाली.

उरलेला निम्मा प्रश्न अ‍ॅडॉप्टरमध्ये अडकला आहे. निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर घेतला तर त्यात ऑटोफोकसची मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी प्रकारच्या, म्हणजे बॉडीतल्या मोटरने फिरणाऱ्या लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. त्यात एआय लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग वाचणारे टोकही नाही, त्यामुळे छायाचित्र कोणत्या अ‍ॅपर्चरवर घेतले याची नोंद राहत नाही. हे अशक्य म्हणून झालेले नाही. सोनीने २०२० मध्ये एलए-ईए५ अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर बसवली आणि ठरावीक बॉडींवर मिनोल्टाच्या काळातल्या लेन्स पुन्हा स्वतः फोकस करू लागल्या. लायकाने आर मालिका २००९ मध्ये बंद केली, तरी २०१२ मध्ये जाहीर केलेल्या एम बॉडीबरोबर आर लेन्ससाठी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर दिला. दोन कंपन्यांना जे जमले ते इतरांनाही जमू शकते.

यात कंपनीला काय मिळणार? जुनी लेन्स असणारा नवी घेणारच नाही.

व्यापाराच्या बाजूने हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. बॉडी एकदा विकली जाते, लेन्स पुन्हा पुन्हा विकल्या जातात. मोठा सेन्सर महागही पडतो. ३६ × २४ चे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तर क्रॉप सेन्सरचे सुमारे ३६७. एकाच सिलिकॉन चकतीतून मोठे तुकडे कमी निघतात आणि एखादा सूक्ष्म दोष आला तर वाया जाणारा तुकडाही मोठा असतो.

तरीही मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, लेन्स घेताना ग्राहक माउंटवर विश्वास टाकतो. बॉडी आठ-दहा वर्षांत बदलेल हे त्याला ठाऊक असते, पण लेन्स पुढच्या बॉडीवर चालेल या भरवशावरच तो दुप्पट पैसे मोजतो, आणि आजच्या लेन्स विकतानाही कंपन्या नेमका हाच भरवसा देत असतात. कालच्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडणाऱ्या कंपनीवर आजच्याने किती विसंबावे, हा प्रश्न दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो. दुसरी, जुन्या लेन्समुळे बॉडी घेणारा पुढे नवी लेन्सही घेतोच. लग्नाच्या कामाला ऑटोफोकस लागतो, पावसात जोडांना रबर असलेली लेन्स लागते. जुनी लेन्स त्याला त्या कंपनीच्या दारात आणते. हाताने फोकस करायच्या लेन्सना गिऱ्हाईक नाही असेही म्हणता येत नाही. कोसिना कंपनी फोइग्टलेंडर नावाने अशा लेन्स आजही नव्याने बनवते, आणि चिनी कंपन्यांनीही त्यांची रीघ लावली आहे.

निकॉनने २०२१ मध्ये एफएम२ च्या रूपाचा झेड एफसी काढला, पण आत क्रॉप सेन्सर ठेवला. रूप जुने आणि जुन्या लेन्सचे दृश्य मात्र कापलेले, हे मला पटले नाही. २०२३ चा झेड एफ फुल फ्रेम आहे आणि हाताने फोकस करतानाही चेहरा ओळखून तिथे चौकट दाखवतो. मागणी कंपनीच्या कानावर पोहोचते, याची एवढी खूण पुरेशी आहे.

पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या सेन्सरवर चांगले चित्र देते का?

एसएलआरच्या बहुतेक लेन्स देतात. एफ/५.६ ते एफ/८ वर चांगल्या स्थितीतली ५० मिलिमीटरची साधी निकॉर किंवा पेंटॅक्सची ताकुमार २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला पुरून उरते. पूर्ण उघडल्यावर उजेडाच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते, समोरून ऊन असेल तर चित्र फिके पडते, आणि सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असल्याने लेन्सच्या मागच्या काचेतून परतणारा प्रकाश कधी कधी मध्यभागी पांढुरका ठिपका उमटवतो.

खरी अडचण रेंजफाइंडरच्या (लायका एमसारख्या बिनआरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) रुंद लेन्सना येते. त्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ असल्याने कोपऱ्यांत प्रकाश फार तिरपा पडतो. फिल्मला तिरप्या प्रकाशाचे काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र काचेचा थर आणि सूक्ष्म भिंगे असतात. त्यातून तिरपा प्रकाश गेला की कोपरे पुसट होतात आणि त्यांवर रंगाची छटा चढते. लायकाने एम९ मध्ये कडांची सूक्ष्म भिंगे सरकवली आणि काच पातळ ठेवली ती याचसाठी. सेन्सर तोच असला तरी पुढची काच जाड की पातळ यावर ३५ मिलिमीटरच्या जुन्या लेन्सचे कोपरे ठरतात, आणि हा निर्णय सर्वस्वी कंपनीच्या हातात असतो. रशियन ज्युपिटर-१२ सारख्या लेन्सची मागची काच तर इतकी आत शिरते की काही बॉडींत ती आतल्या भागाला टेकू शकते. अशी लेन्स लावण्यापूर्वी पक्की चौकशी करावी.

मग कंपन्यांकडे नेमकी मागणी काय करावी?

प्रत्येक बंद माउंटसाठी आरसा आणि प्रिझम असलेला नवा कॅमेरा मागणे रास्त नाही. ते कारखाने, ती यंत्रे आणि ती माणसे आता नाहीत. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर गेल्याचे दुःख मलाही आहे, पण अलीकडच्या डीएसएलआरचे फोकसिंग पडदे एफ/१.४ च्या लेन्ससाठी तितके अचूक नव्हतेच.

रास्त मागणी अशी आहे. चालू मिररलेस मालिकेत निदान एक फुल फ्रेम बॉडी कंपनीने स्वतःच्या जुन्या लेन्स डोळ्यांसमोर ठेवून आखावी. सेन्सरवरची काच शक्य तितकी पातळ असावी, थरथर रोखण्याची सोय असावी आणि लेन्सचे नाव, फोकल लेंग्थ व अ‍ॅपर्चर हाताने भरण्याची जागा स्वस्त बॉडींतही असावी. त्याच्या जोडीला स्वतःच्या सर्व जुन्या माउंटसाठी पूर्ण काम करणारा अ‍ॅडॉप्टर द्यावा, ज्यात अ‍ॅपर्चर रिंग वाचणारा दुवा आणि जिथे लागते तिथे मोटर असेल. हेही करायचे नसेल, तर बंद झालेल्या माउंटची मापे आणि संकेत खुले करावेत, म्हणजे दुसरे कोणी ते काम नीट करू शकेल. ही शेवटची मागणी कंपनीला जवळजवळ फुकट पडते, आणि माझ्या मते तिच्यावरच सर्वांत जास्त जोर द्यायला हवा.

वडिलांची निकॉर लेन्स आहे. ती कोणत्याही निकॉन डीएसएलआरवर लावू का?

आधी तिची अ‍ॅपर्चर रिंग उजेडात धरून पाहावी. रिंगवर एफचे आकडे दोन ओळींत असतील, म्हणजे मोठ्या आकड्यांखाली माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी ओळ असेल, तर लेन्स एआय आहे. रिंगवर धातूचे दोन शिंगांसारखे कान असतात. एआय लेन्सच्या कानांना भोके असतात आणि त्यांतून उजेड त्या बारीक आकड्यांवर पडतो. कान भरीव आणि आकड्यांची ओळ एकच असेल तर लेन्स बहुधा १९७७ पूर्वीची आहे. अशी लेन्स डी७०० किंवा डी८५० सारख्या बॉडीवर जोर लावून बसवली तर माउंटशेजारचे टोक मोडू शकते. जाणकार कारागीर रिंगची मागची कड कापून तिचे एआय रूपांतर करून देतात. काही जुन्या लेन्सवर निकॉनची मूळ एआय रिंग आधीच बसवलेली असते, म्हणून निर्मितीच्या सालापेक्षा रिंग पाहूनच ठरवावे.

सिंहस्थाच्या गर्दीत हाताने फोकस करणे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि फुल फ्रेमवर ते सोपे आहे. २८ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस सुमारे ३.३ मीटरवर लावला की १.७ मीटरच्या आसपासपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. रामकुंडावर पहाटेच्या स्नानाला एवढा उजेड नसतो. तिथे आयएसओ वाढवावा किंवा ऊन येईपर्यंत थांबावे. चित्र फार मोठे छापायचे असेल तर पट्टीवरच्या खुणांपेक्षा अ‍ॅपर्चर एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, अधिक बंद करावे, कारण त्या खुणा फिल्मच्या काळातल्या छापील आकारांना धरून कोरलेल्या आहेत.

लेन्समध्ये बुरशी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च दाखवावा आणि समोरून थोडे तिरपे पाहावे. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. सुरुवातीची बुरशी कारागीर साफ करतो. थरात खोल गेलेली असेल तर काचेवर खुणा राहतात. शहरात हिवाळा-उन्हाळा बऱ्यापैकी कोरडा असतो, पण पावसाळ्यात, आणि इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर विशेषच, हवेतली आर्द्रता बुरशीला पोषक ठरते. लेन्स मूळ चामडी केसमध्ये ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी पेटी घ्यावी. काही ताकुमार लेन्सच्या काचेचा पिवळेपणा हा बुरशीचा नसून त्या काचेतल्या थोरियममुळे आलेला असतो आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यावर तो बराच उतरतो.

आज घ्यायचीच झाली तर कोणती बॉडी घ्यावी?

आपल्याकडे काय आहे त्यावर हे ठरते. एआय निकॉर आणि एएफ-डी लेन्सचा संच असेल तर वापरलेला डी७०० किंवा परवडत असेल तर डी८५० अजूनही सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण रिंग वाचणारे टोक आणि मोटर दोन्ही बॉडीतच आहेत. एआय येण्यापूर्वीच्या लेन्स असतील तर वापरलेला डीएफ शोधावा. पेंटॅक्स के आणि एम४२ साठी के-१. एफडी, ओएम, एमडी अशा मिश्र लेन्स असतील तर सेन्सर हलवून थरथर रोखणारी मिररलेस फुल फ्रेम बॉडी, उदाहरणार्थ सोनी अल्फा ७ मार्क २ किंवा त्यानंतरची. खरेदीपूर्वी स्वतःची लेन्स आणि अ‍ॅडॉप्टर घेऊन दुकानात जावे, एफ/८ वर निरभ्र आकाशाचे एक छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून चारही कोपरे तपासावेत. सेन्सरवरची धूळ, कोपऱ्यांतली रंगाची छटा आणि अ‍ॅडॉप्टरचा तिरकेपणा या तिन्ही गोष्टी त्या एका चित्रात दिसतात.